गरोदरपणातली शुगर आणि बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्याची राहून जाणारी टेस्ट

रिपोर्टवर १६२ आकडा आला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला, "एवढं काय गोड खाल्लंस गो?" मग सासूबाई साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवतात, आई फोनवर रडते, नवरा गुगल करत बसतो आणि जिच्या पोटात बाळ आहे ती बिचारी गुन्हा केल्यासारखी गप्प. मी गोव्यात डिचोलीला लॅबमध्ये काम करते, रक्त काढणं आणि रिपोर्ट हातात देणं हे माझं रोजचंच. डॉक्टर मी नाही, पण जे प्रश्न बायका डॉक्टरला विचारायला लाजतात ते काउंटरवर मला विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

आधी तो गोड खाल्ल्याचा आरोप बाजूला ठेवू. गरोदरपणात जी वार तयार होते ना, बाळाला पोसणारी, ती नुसती नळीसारखी नसते, ती स्वतः हॉर्मोन बनवते, ह्युमन प्लॅसेंटल लॅक्टोजेन वगैरे, आणि ही हॉर्मोन्स आईच्या इन्सुलिनचं काम मुद्दाम अवघड करतात. मुद्दाम म्हणजे त्यात निसर्गाचा हिशोब आहे, आईच्या रक्तात साखर जरा जास्त वेळ राहिली तर बाळाला पोचायला बरी. चोडणचा फेरीधक्का डोळ्यासमोर आणा. गाड्या म्हणजे साखर, फेरीबोट म्हणजे इन्सुलिन, पलीकडचा काठ म्हणजे शरीराच्या पेशी. पावसात पाण्याला ओढ असली की फेरीला एका फेरीसाठी जास्त वेळ लागतो, मग गाड्या तुंबू नयेत म्हणून दोन फेऱ्या जादा सोडाव्या लागतात. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड अशा जादा फेऱ्या सोडतं, दुप्पट-अडीचपट इन्सुलिन बनवतं, आणि कुणाला काही कळतही नाही. काहींकडे जादा बोटीच नसतात. त्यांच्या धक्क्यावर लाईन लागते, ती लाईन म्हणजे रिपोर्टवरचा आकडा.

आणि जादा बोटी कोणाकडे नसतात हे बऱ्याच अंशी घराण्यावर, वयावर, वजनावर, पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) आहे का यावर असतं. गोव्यात तर हे फारच बघायला लागतं. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात सगळ्या राज्यांत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सगळ्यात जास्त निघालं, २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४. म्हणजे आपल्याकडे चार मोठ्या माणसांत एकाला तरी शुगर. वडिलांना आहे, मावशीला आहे, आजी तर इन्सुलिन घेतच होती, अशा घरातली मुलगी गरोदर राहिली की शक्यता वाढणारच. पण बारीक अंगाच्या, घरात कुणालाच शुगर नसलेल्या मुलींचेही आकडे वर येतात, म्हणून ही टेस्ट सगळ्यांनाच करायची असते.

टेस्ट कशी तर ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि प्यायला सुरुवात केल्यापासून बरोबर दोन तासांनी रक्त. सरकारी पद्धतीत उपाशी यायची गरज नाही, जेवून आलात तरी चालतं, आणि हे फार शहाणपणाचं आहे कारण सत्तरीतल्या आतल्या गावातून पहिली बस पकडून वाळपईला येणाऱ्या बाईला उपाशी ये म्हटलं तर ती एकतर येणारच नाही किंवा चक्कर येऊन पडेल. दोन तासांचा आकडा १४० किंवा वर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, इथून पुढे नुसते आकडे लिहिते) म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. पहिली टेस्ट नाव नोंदवाल तेव्हाच, आणि ती नॉर्मल आली तरी दुसरी २४ ते २८ आठवड्यांत, दोन्हींत कमीत कमी चार आठवड्यांचं अंतर. ही दुसरी का, तर वार मोठी होते तशी हॉर्मोन्स वाढतात, ओढ तेव्हा सुरू होते. "तिसऱ्या महिन्यात नॉर्मल होती हो" हे मला रोज ऐकायला मिळतं, बरोबर आहे, होतीच नॉर्मल.

ते पाणी पिणं हा एक सोहळाच असतो. पहिले दोन घोट बरे जातात, अर्धा ग्लास झाला की तोंड वाकडं, शेवटचं तळाचं सगळ्यात गोड कारण नीट ढवळलेलं नसतं. थंड पाणी वापरलं तर सोपं जातं, आणि सलग पिऊन टाका, अर्धा तास चाखत बसलात तर आकड्याला अर्थ राहत नाही. उलटी अर्ध्या तासाच्या आत झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी परत, अर्ध्या तासानंतर झाली तर पुढे चालू. मधल्या दोन तासांत बाजारात जाऊन भाज्या घेऊन येऊ का असं विचारतात, तर नको, बसून राहा, चाललात की साखर खर्च होते आणि आकडा खोटा कमी येतो.

खाजगी डॉक्टरांकडे काही वेळा तीन वेळा रक्त काढतात, उपाशी, एक तासाने आणि दोन तासांनी, तिथे मर्यादा वेगळ्या, ९२, १८० आणि १५३, तिघांतला एकही ओलांडला की निदान. त्यामुळे जावेचा रिपोर्ट आणि तुमचा रिपोर्ट शेजारी ठेवून भांडू नका, पद्धतच वेगळी असते.

आता हे सगळं कशासाठी, आईला तर काही जाणवत नसतं, ना चक्कर ना तहान. बाळासाठी. साखर वारेतून बाळाकडे जाते पण आईचं इन्सुलिन जात नाही. म्हणजे आईच्या रक्तात साखर जास्त तर बाळाकडे जास्त, मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन भरपूर बनवायला लागतं, आणि इन्सुलिन हे वाढवणारं हॉर्मोन, बाळ गुटगुटीत होतं, खांद्याला पोटाला चरबी चढते. चार किलोचं बाळ बघून आजी खूश होते पण लेबर रूममध्ये डोकं बाहेर येऊन खांदा अडकला की काय पळापळ होते ते तिथल्या सिस्टरना विचारा. शिवाय गर्भजल वाढणं, आईचं बीपी चढणं, सिझेरियनची शक्यता वाढणं, बाळ लवकर होणं, हे सगळं साखर सैल सोडली तर. ताब्यात ठेवली तर बहुतेकींची बाळंतपणं अगदी साधी होतात.

निदान झाल्यावर पहिले दोन आठवडे औषध नसतं (आकडा २०० किंवा वर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर लगेच इन्सुलिन देतात). आहार आणि चालणं, आणि दोन आठवड्यांनी परत तपासणी. जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी १२० च्या खाली असेल तर असंच चालू ठेवायचं. उपाशीपोटी ९५ च्या खाली हवी.

आहारावर जरा सविस्तर लिहिते कारण लॅबमध्ये जो छापील कागद मिळतो त्यात ओट्स, ब्राऊन ब्रेड आणि सॅलड असतं आणि आपल्या घरी असते पेज. पेज वाईट नाही, पण भात जितका जास्त शिजतो तितका तो पोटात झटपट साखर होतो, आणि सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात असं झालं तर आकडा खाली कसा येणार. उकडा तांदूळ पांढऱ्या पॉलिशच्या तांदळापेक्षा बरा, पण बरा म्हणजे अमर्याद नव्हे. दुपारच्या ताटात भाताची एकच वाटी घ्या, आधी भाजी, कोशिंबीर, तवशाच्या (काकडीच्या) फोडी असं काहीतरी खा, मग हुमणातला बांगडा किंवा तारले, आणि भात शेवटी. हा क्रम खरंच काम करतो, तेच जेवण, तोच भात, आधी भाजी-मासे गेले की साखर सावकाश चढते. शाकाहारी असाल तर मूग, चवळी, आळसांद्याचं तोंडाक, डाळ पातळ नको घट्ट हवी, अंडं चालत असेल तर रोज एक.

सकाळचा नाश्ता हा सगळ्यात धोक्याचा आणि आपल्याकडे सगळ्यात लाडका. गरोदरपणात सकाळी इन्सुलिनला विरोध सगळ्यात जास्त असतो, त्याच वेळी आपण भाजी-पाव, बन्स आणि दोन चमचे साखरेचा चहा मारतो. बन्स तर विसराच, मैदा, केळं आणि साखर, वर तळलेलं. पाव खायचाच असेल तर एक, पोई असेल तर बरी पण आजकाल कितीतरी पोया आतून मैद्याच्याच असतात आणि वर नुसता कोंडा भुरभुरलेला असतो, फोडून बघा. मुगाचं धिरडं, भाज्या घातलेला उपमा, आदल्या रात्री भिजवलेली कडधान्याची उसळ, हे चालतं. नाचणीचं मात्र एक सांगते, नाचणी शुगरला चांगली म्हणून बायका गूळ घातलेलं तिजान वाटीभर पितात आणि मग आकडा बघून रडतात. नाचणीची भाकरी वेगळी आणि पातळ शिजवलेलं पीठ वेगळं, त्यात गूळ म्हणजे संपलंच. गूळ ही साखरच आहे हो, मध पण, खजूर पण. काउंटरवर मला सगळ्यात जास्त वेळा हेच सांगावं लागतं.

उपाशी मात्र राहू नका. आकडा कमी यावा म्हणून रात्रीचं जेवणच सोडणाऱ्या मुली मी बघते आणि राग येतो, त्यांच्यावर नाही, ज्यांनी त्यांना घाबरवलं त्यांच्यावर. तीन जेवणं आणि मधे दोन-तीन छोटं खाणं, मूठभर चणे, ताक, शेंगदाणे, एखादं पेरू. फळ अख्खं खायचं, रस नको, आणि जेवणाला लागून नको. एप्रिल-मे मध्ये मानकुराद आला की सगळे विचारतात, तर एखादी फोड दोन जेवणांच्या मधे खा, अख्खा आंबा आमरसासकट जेवणावर नको. चालणं जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, डॉक्टरने आडवं पडून राहायला सांगितलं नसेल तर. अंगणात फेऱ्या मारल्या तरी पुरतं, स्नायू साखर ओढून घेतात, त्याला इन्सुलिनची फार वाट बघावी लागत नाही.

मानकुरादावरून आठवलं. घरी ग्लुकोमीटर असेल तर हात साबणाने धुवून कोरडे करून मगच टोचा. मागच्या सीझनला एक मुलगी नवऱ्याला घेऊन धावत आली, मशीनवर २८० दाखवतंय म्हणून दोघांचे चेहरे पांढरे पडलेले, मी शिरेतून रक्त काढलं तर १०८. सासूबाईंना आंबे कापून देत होती, तशाच बोटाला टोचलं. बोटावर फळाची साखर असली की मशीन तीही मोजतं, आणि नुसतं ओल्या कापडाने पुसून भागत नाही. स्ट्रिपच्या डबीचं झाकण पण घट्ट लावा, आपल्या पावसाळी हवेत स्ट्रिप्स दमट होऊन खराब होतात.

दोन आठवडे सगळं करूनही आकडा १२० च्या वर राहिला तर औषध लागतं. यात तुमचा काही दोष नाही, बोटी कमी आहेत तर बाहेरून मागवायच्या एवढंच. बहुतेकींना इन्सुलिन देतात, काहींना २० आठवड्यांनंतर मेटफॉर्मिनची गोळी देतात, डोस डॉक्टरच ठरवतील. इन्सुलिनची भीती म्हणजे "एकदा लागलं की जन्माचं लागतं." गरोदरपणात झालेल्या मधुमेहात तसं नसतं, वार बाहेर पडली की ती हॉर्मोन्स काही तासांत उतरतात आणि बहुतेकींचं इन्सुलिन लेबर रूममध्येच बंद होतं. दुसरी भीती बाळाला जाईल ही, तर ते वारेतून जात नाही हे वर लिहिलंच. तिसरी म्हणजे डोस वाढत चालला म्हणजे आजार वाढला, तर नाही, वार वाढते म्हणून डोस वाढतो, हे अपेक्षितच आहे. उलट शेवटच्या महिन्यांत आकडा एकदम फार खाली यायला लागला, डोस अचानक नको झाला, तर खूश न होता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, वार नीट काम करते का ते बघावं लागतं.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये, दारात ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही, गोठलं की फेकून द्यायचं. चालू असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं पण मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली नव्हे, तेव्हा फ्रीजच बरा, आणि लाईट गेली तर मडक्याच्या थंडाव्यात. स्कूटरच्या डिकीत ठेवून उन्हात फिरू नका.

इन्सुलिन घेताना घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधड, अचानक प्रचंड भूक, तर साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. तेव्हा मशीन शोधत बसण्यापेक्षा तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून पिऊन टाका, पंधरा मिनिटांनी तपासा, बरं वाटलं की लगेच काहीतरी खा. चॉकलेट किंवा लाडू तेव्हा उपयोगाचा नाही, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर उशिरा चढते. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी हवीच, कदंबाच्या बसमध्ये दीड तास अडकलात तर कोण येणार आहे द्यायला.

ज्यांना दिवस जाण्याआधीपासूनच शुगर आहे त्यांची गोष्ट निराळी. बाळाचं हृदय, मणका, मेंदू हे पहिल्या आठ-दहा आठवड्यांत तयार होतात, म्हणजे पाळी चुकली हे कळेपर्यंत बरंच काम झालेलं असतं, त्या काळात साखर खूप वर असेल तर व्यंगाचा धोका वाढतो. म्हणून त्यांनी मूल हवं ठरवलं की आधीच डॉक्टर गाठायचा, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट) शक्यतो ६.५ च्या खाली आणायचं, फॉलिक अॅसिड सुरू करायचं, डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा आणि बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दाखवून घ्यायच्या, त्यातल्या काही गरोदरपणात चालत नाहीत. आणि गरोदर आहे कळल्यावर घाबरून स्वतःच गोळ्या बंद करणं सगळ्यात वाईट.

शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हालचालीवर लक्ष. जेवण झाल्यावर कुशीवर पडून मोजायचं, दोन तासांत सहा वेळा लाथ जाणवली पाहिजे, नाही जाणवली तर सकाळची ओपीडी उघडायची वाट न बघता निघायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची, तीही सोडू नका. शुगर आहे म्हणजे सिझर असं काही नसतं, बाळाचं वजन आणि बाकी परिस्थिती बघून ठरतं. बाळ लवकर होईल अशी शंका असेल तर त्याच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने दोन-तीन दिवस आईची साखर उसळते, ती पण घाबरायची गोष्ट नाही, फक्त तेव्हा वरचेवर मोजावी लागते.

बाळ झालं. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एका क्षणात बंद, पण बाळाचं स्वादुपिंड सवयीप्रमाणे इन्सुलिन सोडतच राहतं, त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरू शकते. म्हणून त्याच्या टाचेला टोचून तपासतात, आजीला ते बघवत नाही पण करू द्या. ४५ च्या खाली गेली तर उपाय करतात. आणि सगळ्यात मोठा उपाय आईचं दूध, तासाभराच्या आत, मग दर दोन-तीन तासांनी. मध चाटवणं, साखरपाणी, घुटी काही नाही, मधातून तर तान्ह्याला गंभीर विषबाधा होऊ शकते, वर्षाच्या आत मध नकोच. बाळ सुस्त पडलं, पीत नाही, थरथरतं वाटलं तर सिस्टरला हाक मारा. आणि हो, बाळाला मधुमेह झालेला नसतो. हा प्रश्न कुजबुजत विचारतात, म्हणून मोठ्याने सांगते, नसतो.

आता इथून पुढे जे होतं त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. नऊ महिने जी बाई दोन तासांचा गजर लावून बोटं टोचत होती, तिची डिलिव्हरी झाली, साखर नॉर्मल आली, आणि घरात जाहीर झालं की शुगर गेली. मग सुरू होतं बाळंतिणीचं खाणं. गूळ-खोबऱ्याची मेथीची पेज सकाळी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तिजान, तूप, आणि चाळीस दिवस खोलीतून बाहेर नाही. अंगाला तेल लावून शेक घ्या, विश्रांती घ्या, मी कुठे नाही म्हणते, पण लाडू रोज चार कशाला. मेथी चांगली, अळीव चांगलं, त्यातला गूळ अर्धा करा, एक छोटा लाडू दुधाबरोबर घ्या आणि जेवणात मासे, डाळ, भाजी वाढवा. दूध येण्यासाठी बाळाने ओढणं आणि आईने पाणी पिणं, पोटभर जेवणं हे लागतं, गूळ लागत नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचीच साखर खर्च होते, पुढे मधुमेह व्हायची शक्यताही कमी होते असं दिसलेलं आहे. इन्सुलिन चालू राहिलेलं असेल तर पाजण्याआधी थोडं खाऊन घ्या, साखर एकदम उतरू शकते. इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन दोन्ही पाजताना चालतात.

आणि सहाव्या आठवड्याला परत ७५ ग्रॅमची टेस्ट. ही टेस्ट होत नाही. आमच्याकडे गरोदरपणात हीच टेस्ट करायला जितक्या येतात त्यातल्या किती सहाव्या आठवड्याला परत दिसतात हे मला नुसत्या चेहऱ्यांवरून कळतं, फार थोड्या. कारणंही माहीत आहेत. मुलगी सासरी फोंड्याला, बाळंतपणाला माहेरी पेडण्याला, डिलिव्हरी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बांबोळीला, तिन्हीकडे वेगवेगळे कागद. डिस्चार्ज कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, सहा आठवड्यांनी ओजीटीटी, म्हणजे हीच ग्लुकोजच्या पाण्याची टेस्ट, ते वाचतो कोण, रात्रभर बाळ रडतंय. सहा आठवडे होईपर्यंत कार्ड बाळाच्या कपड्यांच्या पिशवीत तळाला गेलेलं असतं. आणि घरातली म्हणतात, आता काय त्याचं, बाळ ठणठणीत आहे ना.

बाळ ठणठणीत आहे, प्रश्न आईचा आहे. जिला गरोदरपणात शुगर झाली तिला पुढे कायमचा टाईप टू मधुमेह होण्याची शक्यता, जिला झाली नाही तिच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते, वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून सात ते दहा पट सांगतात. जादा बोटी नव्हत्या हे एकदा उघड झालंय ना, पुढे वय आणि वजन वाढलं की तीच अडचण परत येते. काहींची तर सहा आठवड्यांनीही साखर वरच असते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना ती गरोदरपणाआधीपासूनच असू शकते, फक्त कुणी तपासलेली नसते.

एक युक्ती सांगते, ती मी प्रत्येकीला सांगते. सहाव्या आठवड्याला बाळाची लस असते, पेंटा आणि बाकीच्या, ती कोणीही चुकवत नाही, आजोबा रिक्षा सांगून ठेवतात. त्याच दिवशी स्वतःची टेस्ट करून घ्या. या वेळेला मात्र उपाशी यायचं, आदल्या रात्री जेवल्यानंतर आठ-दहा तास, पाणी चालतं. उपाशी रक्त, मग ग्लुकोजचं पाणी, मग दोन तास, त्यात बाळाची लस होते आणि दोनदा पाजून पण होतं, पाजल्याने टेस्ट बिघडत नाही. सोबत कोणीतरी बाळ धरायला आणा आणि डबा आणा टेस्टनंतर खायला. दोन तासांचा आकडा १४० च्या खाली म्हणजे नॉर्मल, १४० ते १९९ म्हणजे सीमारेषेवर, २०० किंवा वर, नाहीतर उपाशीपोटी १२६ किंवा वर, म्हणजे मधुमेह. एचबीएवनसी करू का त्याऐवजी, एकच टोचणं, असं विचारतात, तर या वेळी नको, बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, त्याचा आकडा फसवा येतो.

नॉर्मल आली तरी दरवर्षी एकदा. बाळाच्या वाढदिवसाच्या महिन्यात करायची असं ठरवून टाका, तारीख लक्षात ठेवायला नको. सीमारेषेवर आली तर अजून हातात खूप काही आहे. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात गरोदरपणात शुगर होऊन गेलेल्या आणि सीमारेषेवर असलेल्या बायकांमध्ये वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं यामुळे मधुमेह होण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, मेटफॉर्मिननेही जवळपास तेवढंच. ७ टक्के म्हणजे सत्तर किलोच्या बाईने पाच किलो. दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, आणि तो अर्धा तास बाळाला कोण सांभाळणार हा घरातल्यांनी सोडवायचा प्रश्न आहे, तिच्या एकटीचा नाही.

कागदांचं एवढं करा, ग्लुकोज टेस्टचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि सहाव्या आठवड्याचा रिपोर्ट या तिन्हींचे फोटो काढून नवऱ्याच्या फोनवर पण पाठवून ठेवा. पुढे कधीही, दहा वर्षांनी ताप आला म्हणून नव्या डॉक्टरकडे गेलात तरी "गरोदरपणात शुगर झाली होती" हे सांगा, डॉक्टर विचारतीलच असं नाही. आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस जाण्याआधीच एकदा साखर तपासून घ्या, दिवस गेल्यावर पहिल्या भेटीतच परत, २४ आठवड्यांची वाट बघत बसू नका, कारण एकदा झालेली पुढच्या वेळी परत येण्याची शक्यता बरीच असते.